घरातल्या ज्येष्ठांना डिप्रेशनची गोळी सुरू झालीये? मग पडणं टाळण्यासाठी हे करा

आईला डिप्रेशनची गोळी सुरू होऊन नऊ दिवस झाले होते. दुपारची झोप झाल्यावर ती पलंगावरून उठली, दोन पावलं चालली आणि आधाराला म्हणून तिनं कपाटाचं दार धरलं. दार अर्धवट उघडं होतं. ते बिजागरीवर फिरलं आणि त्याच्यासोबत आईही. मनगट टम्म सुजलं, पण हाड मोडलं नाही, एवढंच नशीब.

संध्याकाळी घरात दोन तट पडले. धाकटा भाऊ म्हणाला, "ही गोळी आजपासून बंद." मी म्हणाले, "अरे, सत्त्याहत्तर वर्षांची आहे ती, या वयात माणूस पडतंच." चुकत आम्ही दोघंही होतो. माझी चूक जास्त वाईट, कारण ती समजूतदारपणाची वाटत होती.

त्या संध्याकाळी मला जे माहीत असायला हवं होतं, ते इथे क्रमानं लिहितेय. मी डॉक्टर नाही. गेली काही वर्षं आईच्या गोळ्या, एक वही आणि बीपीचं मशीन एवढं सांभाळतेय. औषध कोणतं, किती आणि कधीपर्यंत, हे डॉक्टरच ठरवणार. पण डॉक्टर महिन्यातून दहा मिनिटं भेटतात. आई खुर्चीतून कशी उठते, रात्री बाथरूमकडे जाताना कशाला धरते, हे घरच्यांनाच दिसतं.

गोळीचा आणि पडण्याचा संबंध काय?

पासष्टी ओलांडलेल्यांपैकी साधारण तिघांमागे एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. डिप्रेशनची गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण आणखी जास्त असतं, हे बऱ्याच अभ्यासांत दिसून आलंय. ब्रिटनमधल्या डिप्रेशन असलेल्या, ६५ वर्षं आणि त्यावरच्या साठ हजारांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासणारा एक मोठा अभ्यास २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. त्यात एसएसआरआय गटातल्या (डिप्रेशनवरच्या, जुन्या गोळ्यांच्या जागी आलेल्या) गोळ्या घेणाऱ्यांत पडण्याचं प्रमाण, कोणतीही गोळी न घेणाऱ्यांच्या सुमारे १.६६ पट निघालं.

मला त्या अभ्यासातली दुसरी एक गोष्ट जास्त कामाची वाटली. बहुतेक त्रासांचं प्रमाण गोळी सुरू केल्यावरच्या पहिल्या २८ दिवसांत सर्वांत जास्त होतं, आणि गोळी थांबवल्यावरच्या पहिल्या २८ दिवसांतही. नेमके याच दोन काळांत घरचे बेसावध असतात. सुरुवातीला आपण मूड कधी सुधारतोय याकडे डोळे लावून बसलेलो असतो, आणि शेवटी ‘सुटलो एकदाचे’ म्हणून हुश्श करतो. म्हणून पहिलं काम म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोळी सुरू झाल्याच्या दिवसापासून २८ चौकोन आखा. मात्रा वाढली की तिथून पुन्हा आखा.

आता भावाच्या मुद्द्याकडे. गोळी बंद केली की धोका संपतो असं नाही, कारण डिप्रेशनसुद्धा माणसाला पाडतं. डिप्रेशनमध्ये पाऊल जड आणि आखूड पडतं, लक्ष लागत नाही, झोप तुटक होते, खाणं कमी होतं, माणूस दिवसदिवस बसून राहतो आणि मांड्यांची ताकद जाते. त्यामुळे अशा अभ्यासांमधला सगळा दोष गोळीच्या माथी मारता येत नाही. थोडा गोळीचा, थोडा आजाराचा. घरी बसून त्यांची वाटणी करता येत नाही, आणि त्याची गरजही नाही. दोन्हीकडे लक्ष ठेवायचं.

गोळी माणसाला पाडते ती वेगवेगळ्या वाटांनी. उभं राहताना बीपी एकदम खाली येतं, झापड येते, प्रतिक्रिया मंदावते, रक्तातलं सोडियम उतरतं, काही जुन्या गोळ्यांनी नजर धूसर होते. यातली कुठली वाट तुमच्या घरात चालू आहे ते शोधायचं असतं, कारण उपाय त्यावर ठरतो.

पहिली पायरी: सगळ्या गोळ्या टेबलावर मांडा

सगळ्या म्हणजे सगळ्या. कपाटातल्या, पर्समधल्या, उशीखालच्या, ‘कधीतरी लागली तर’ म्हणून ठेवलेल्यासुद्धा. पाकिटावरचं मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव सोडा, त्याखाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं ते वहीत उतरवा. वाचता येत नसेल तर मोबाइलनं फोटो काढून मोठा करून बघा.

आता या यादीत डिप्रेशनच्या गोळ्या ओळखा. एसितालोप्राम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटीन, पॅरोक्सेटीन ही एसएसआरआय गटातली नावं. व्हेन्लाफॅक्सीन, डुलोक्सेटीन ही एसएनआरआय गटातली. अमिट्रिप्टिलीन, नॉरट्रिप्टिलीन, इमिप्रामीन, डॉक्सेपिन ही जुनी, ट्रायसायक्लिक म्हणतात ती. शिवाय मिर्टाझापीन आणि ट्रॅझोडोन.

इथे एक मेख आहे. यातल्या काही गोळ्या डिप्रेशनसाठी दिलेल्याच नसतात. अमिट्रिप्टिलीन नसांच्या दुखण्याला किंवा मायग्रेनला देतात, डुलोक्सेटीन मधुमेहातल्या पायांच्या जळजळीला देतात, ट्रॅझोडोन आणि मिर्टाझापीन बऱ्याचदा झोपेसाठी देतात. पेशंटला विचारलं तर तो शपथेवर सांगेल की मला डिप्रेशन नाही आणि मी त्याची गोळी घेत नाही. गोळी मात्र तीच असते आणि तोलही तसाच जातो. दोन डॉक्टरांनी दोन वेगवेगळ्या कारणांसाठी एकाच जातीच्या दोन गोळ्या दिल्याचं आमच्या ओळखीतल्या एका घरात निघालं. यादी केली म्हणून निघालं.

मग यादीतल्या मेंदूवर काम करणाऱ्या बाकीच्या गोळ्यांवर खूण करा. झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या (क्लोनाझेपाम, लोराझेपाम, अल्प्राझोलाम, झोल्पिडेम), फिट्सच्या गोळ्या, नसांच्या दुखण्यासाठी दिलेलं गॅबापेन्टिन किंवा प्रीगॅबालिन, ट्रॅमाडॉलसारखी तीव्र वेदनाशामकं, स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या, मानसिक आजारांवरच्या काही इतर गोळ्या. काही वेळा एकाच गोळीत दोन औषधं एकत्र असतात, तेव्हा तिला दोन धरा. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी ज्येष्ठांच्या औषधांबाबत ‘बीअर्स निकष’ नावाची यादी काढते. तिच्या २०२३ सालच्या आवृत्तीत म्हटलंय की मेंदूवर काम करणारी तीन किंवा जास्त औषधं एकाच वेळी देणं टाळावं. तुमच्या वहीत खुणा तीन झाल्या तर पुढच्या भेटीची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. ट्रॅमाडॉल आणि डिप्रेशनची गोळी एकत्र दिसली तर त्याबद्दल वेगळं विचारा, त्या जोडीचे तोलापलीकडचेही धोके आहेत.

शेवटी बीपी उतरवणाऱ्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि पुरुषांमध्ये प्रोस्टेटसाठी दिलेलं टॅम्सुलोसिन यांची नोंद करा. सर्दीची आणि अ‍ॅलर्जीची साधी वाटणारी गोळीही लिहा, तिनंही चांगलीच झापड येते. मद्य घेत असतील तर तेही लाजू नका, लिहा.

दुसरी पायरी: डॉक्टरांपुढे काय ठेवायचं

यादी न्यायची आणि पहिलं वाक्य हे बोलायचं: "गेल्या वर्षभरात त्या इतक्या वेळा पडल्या आहेत." एकदाही पडल्या नसतील तर तसं सांगा. ही माहिती डॉक्टरांना आपण दिल्याशिवाय मिळत नाही. ज्येष्ठ मंडळी पडल्याचं लपवतात, हे गृहीत धरा. घराबाहेर एकटं जाऊ देणार नाहीत, या धास्तीनं आमची आईदेखील आधीचं एक पडणं गिळून बसली होती.

मग विचारा: रक्तातलं सोडियम कधी तपासायचं? सर्वांत कमी मात्रेपासून सुरुवात करतोय ना, आणि वाढवायची कधी? गोळी सकाळी घ्यायची की रात्री? यादीतली एखादी जुनी गोळी आता काढता येईल का? गोळीचा उपयोग होतोय की नाही हे किती आठवड्यांनी बघायचं? साधारणपणे फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, ज्येष्ठांमध्ये त्याहून जास्तही. तोवर ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडू नका. डिप्रेशन सौम्य असेल तर समुपदेशनावर किंवा मानसोपचारावर भागेल का, हेही विचारायला हरकत नाही. त्यात माणूस पडत नाही.

‘तोल न जाणारी गोळी द्या’ असं मात्र म्हणू नका, तशी गोळी नाही. जुन्या ट्रायसायक्लिक गोळ्यांच्या जागी एसएसआरआय आल्या तेव्हा पडणं कमी होईल असं वाटलं होतं. १९९८ साली वृद्धाश्रमांमधल्या रहिवाशांवरच्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात दोन्ही गटांत फारसा फरक आढळला नाही. बीअर्स निकषांतही, पूर्वी पडलेल्या किंवा हाड मोडलेल्या ज्येष्ठांना या दोन्ही गटांच्या गोळ्या शक्यतो टाळा, दुसरा सुरक्षित पर्याय नसेल तरच द्या, असं लिहिलंय. एखादी गोळी एखाद्या माणसाला जास्त मानवते, एवढंच. एकीनं झापड जास्त येते, दुसरीनं सोडियम जास्त उतरतं. कुणाला काय चालेल ते पेशंट बघून ठरतं.

तिसरी पायरी: बीपी उभं करून मोजा

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. बसवून मोजलेलं बीपी छान येतं आणि आपण निर्धास्त होतो. पडणारा माणूस उभा असताना पडतो.

पद्धत अशी. त्यांना पाच मिनिटं शांत झोपवा आणि झोपलेल्या अवस्थेत बीपी घ्या. मग उभं करा. दंडावरचा पट्टा काढू नका. उभं राहिल्यावर एका मिनिटानं एकदा आणि तीन मिनिटांनी एकदा मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, अथवा खालचा १० किंवा जास्त उतरला, तर ते डॉक्टरांना कळवण्यासारखं आहे. समजा झोपून १४२/८०, तीन मिनिटं उभं राहून ११६/७२. वरचा आकडा २६ नं उतरला. बसवून मोजला असता तर कदाचित १३८ आला असता आणि सगळे खूश.

मोजताना तुम्ही शेजारी उभे राहा आणि मागे खुर्ची किंवा पलंग असू द्या. अंधारी आली तर लगेच बसवा, आकडा पूर्ण व्हायची वाट बघू नका. सकाळी उठल्याउठल्या आणि जेवणानंतर तासाभरात, अशा दोन वेळा मोजलंत तर चित्र स्पष्ट होतं. जेवणानंतरही बऱ्याच ज्येष्ठांचं बीपी खाली येतं. पहिल्या २८ दिवसांत आठवड्यातून दोनदा पुरे. रोज पाच-पाच वेळा मोजत बसलात तर पेशंटही वैतागेल आणि तुम्हीही.

आणि "चक्कर येते का?" असं विचारू नका. या प्रश्नाला आई कायम "नाही" म्हणायची, आणि ते खरंच होतं. तिच्या लेखी चक्कर म्हणजे घर गरगर फिरणं. "उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का? डोकं हलकं होतं का? पायांखाली गादी असल्यासारखं वाटतं का?" असं विचारल्यावर ती म्हणाली, "ते तर रोजच होतं."

चौथी पायरी: सोडियमकडे लक्ष

आमच्या घरातला चोर इथे सापडला. पडल्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं, सोडियम आलं १२८. सामान्य पातळी १३५ ते १४५ असते. आई एसितालोप्राम घेत होती, आणि तिच्या बीपीच्या जुन्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड होतं, म्हणजे लघवीवाटे मीठ बाहेर टाकणारं औषध. एकेकट्या दोन्ही गोळ्या तिला चालल्या असत्या. एकत्र आल्यावर सोडियम घसरलं. डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलली, डिप्रेशनच्या गोळीची मात्रा काही दिवसांसाठी खाली आणली आणि आठवड्यानं पुन्हा तपासलं: १३४. भाऊ म्हणत होता ती गोळी बंद करावी लागली नाही, आणि मी म्हणत होते ते वयही कमी करावं लागलं नाही.

सोडियम उतरण्याचा धोका गोळी सुरू झाल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत जास्त. वय जास्त, वजन कमी, बाई माणूस आणि सोबत लघवीची गोळी, असं असेल तर आणखी जास्त. म्हणून गोळी सुरू करण्याआधी एकदा आणि सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत एकदा तपासणी व्हावी, असं डॉक्टरांशी बोलून घ्या. मात्रा वाढवल्यावरही.

लक्षणं फसवी असतात. मळमळ, डोकेदुखी, गळून जाणं, चालताना झोकांड्या, बोलण्यात गोंधळ, दिवसाच गुंगी. घरच्यांना वाटतं डिप्रेशनच वाढलं. आठवडाभरापूर्वी ठीक असलेला माणूस एकाएकी गोंधळलेला दिसला तर मूडचा विचार नंतर करा, आधी रक्त तपासा. झटके आले किंवा माणूस नीट शुद्धीवर नसेल तर थेट हॉस्पिटल.

घरच्या घरी मीठ वाढवणं किंवा भरपूर पाणी पाजणं, दोन्ही करू नका. गोळीमुळे सोडियम उतरतं तेव्हा शरीर पाणी धरून ठेवतं, त्यात आणखी पाणी ओतलं तर सोडियम अजून खाली जाऊ शकतं. मीठ वाढवलं तर बीपी आणि हृदयाचा त्रास. काय करायचं ते रिपोर्ट बघून डॉक्टर सांगतील.

पाचवी पायरी: उठायची नवी सवय

हे शिकवायला दोन दिवस लागतात आणि मुरायला महिना.

झोपेतून जाग आली की आधी कुशीवर वळायचं. मग पाय खाली सोडून पलंगाच्या कडेला बसायचं. बसल्याबसल्या पावलं घोट्यापासून वरखाली दहा-पंधरा वेळा हलवायची, मुठी आवळायच्या, सोडायच्या. यानं पायांत साचलेलं रक्त वर सरकतं. मग उभं राहायचं आणि पलंगाला धरून वीस मोजायचे. वीस झाल्याशिवाय पहिलं पाऊल नाही. फोन वाजो, बेल वाजो, कुकरची शिट्टी होवो. आईला आम्ही हे आकडे मोठ्यानं मोजायला लावायचो. सुरुवातीला ती चिडायची, पुढे नातवंडं तिच्यासोबत मोजायला लागली, तेव्हा तिला गंमत वाटू लागली.

झापड आणणारी गोळी रात्री असेल तर बाथरूमला जाऊन आल्यावर, अंथरुणात बसून घ्यायची. गोळी घेऊन मग तासभर घरात वावरणं म्हणजे पडायचं आमंत्रण. रात्री उशिरा घेतली तर सकाळी नऊपर्यंत गुंगी राहते, त्यामुळे वेळ रोज एकच ठेवा. लघवीची गोळी संध्याकाळी असेल तर सकाळी घेता येईल का, विचारा. रात्रीच्या फेऱ्या कमी झाल्या की अर्धं काम झालं.

सहावी पायरी: त्यांचा हात कशाकडे जातो ते बघा

घर सुरक्षित करण्याच्या याद्या सगळीकडे मिळतात: सैल पायपुसणी काढा, वायरी बाजूला करा, बाथरूममध्ये न सरकणारी चटई घाला, कमोडशेजारी पक्का दांडा बसवा, पलंग ते बाथरूम वाटेवर रात्रभर मंद दिवा ठेवा. ते सगळं करा.

पण त्याआधी एक दिवस नुसतं मागे उभं राहून बघा. घरात फिरताना त्यांचा हात कशाकडे जातो? आईचा हात कपाटाच्या दाराकडे, टॉवेलच्या दांडीकडे, पडद्याकडे आणि चाकाच्या खुर्चीच्या पाठीकडे जायचा. चारही गोष्टी तिच्या वजनाला दगा देणाऱ्या. आम्ही कपाटाला घट्ट बसणारं चुंबकाचं कुलूप लावलं, टॉवेलच्या दांडीच्या जागी भिंतीत खोल रुतवलेला दांडा आणला, चाकाची खुर्ची दुसऱ्या खोलीत नेली. सवय मोडायला जाऊ नका. हात तिथेच जाणार आहे, फक्त तिथे धरण्याजोगं काहीतरी असू द्या.

चपला मागून पट्टा असलेल्या, तळ पातळ आणि टणक. फरशीवर नुसते मोजे नकोत. पायघोळ गाऊनची कड घोट्याच्या वर घ्या. दोन नंबरांचा चष्मा असेल तर जिना उतरताना काचेच्या खालच्या भागातून पायरी धूसर दिसते, तेव्हा लांबचं बघायचा वेगळा चष्मा करून घ्या.

सातवी पायरी: पायांत ताकद

याला औषधाची जोड लागत नाही, आणि डिप्रेशनवरही याचा उपयोग होतो. तोल आणि पायांची ताकद वाढवणाऱ्या व्यायामांनी घरी राहणाऱ्या ज्येष्ठांचं पडणं सुमारे एक चतुर्थांशानं कमी होतं, असं २०१९ सालच्या, शंभरावर प्रयोग एकत्र करून बघणाऱ्या एका आढाव्यात दिसलं. नुसतं चालणं पुरत नाही. हातांनी न रेटता खुर्चीतून उठणं-बसणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, एका पावलापुढे दुसरं पाऊल ठेवून उभं राहणं, असे तोलाला आव्हान देणारे प्रकार हवेत. पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

आधी मोजून घ्यायचं असेल तर एक सोपी चाचणी आहे. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या गतीनं तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरा. महिन्यानं पुन्हा मोजा. आईला पहिल्यांदा १९ लागले होते.

पडल्याच तर

धावत जाऊन काखेत हात घालून उचलू नका. हा आपला सगळ्यात पहिला आवेग असतो आणि खांद्याची, कमरेची वाट लावणारा असतो. आधी त्यांच्याशी बोला. कुठे दुखतंय, पाय हलवता येतोय का, डोकं आपटलं का? खुब्यापाशी दुखत असेल, एक पाय आखूड किंवा बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत असेल तर हलवू नका, पांघरूण घाला आणि अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा.

तसं काही नसेल तर एक भक्कम खुर्ची त्यांच्या डोक्याशी आणून ठेवा. त्यांना कुशीवर वळू द्या, मग गुडघ्यांवर आणि हातांवर, मग हात खुर्चीच्या बैठकीवर, मग भक्कम पाय पुढे. मागून दुसरी खुर्ची सरकवा. उठायचं त्यांनीच, आपण फक्त सांगायचं आणि सोबत राहायचं.

डोकं आपटलं असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर काही वाटत नसलं तरी हॉस्पिटलमध्ये न्या. एसएसआरआय गोळ्यांनीही रक्त गोठण्याची क्रिया थोडी मंदावते, अ‍ॅस्पिरिन किंवा वेदनाशामकाच्या जोडीला आणखी. ज्येष्ठांमध्ये डोक्यातला रक्तस्राव काही वेळा हळूहळू होतो. डोकेदुखी वाढत जाणं, उलटी, सुस्ती, बोलण्यात गोंधळ, एका बाजूची ताकद कमी होणं, हे नंतरच्या काही आठवड्यांतही दिसलं तरी त्याचा संबंध त्या पडण्याशी जोडा.

सगळं शांत झाल्यावर वहीत लिहा: किती वाजता, काय करताना, शेवटची गोळी कधी घेतली होती, उभं राहिल्यावर बीपी किती. "तोल गेला" एवढंच लिहिलंत तर डॉक्टरांना त्यातून काही कळत नाही. "पहाटे पाच, लघवीला उठताना, पलंगापासून दोन पावलांवर" असं लिहिलंत तर बरंच कळतं.

एकटे राहत असतील तर गळ्यात किंवा खिशात मोबाइल कायम असावा आणि सकाळ-संध्याकाळ कुणीतरी फोन करावा. पडल्यावर तासन्‌तास जमिनीवर राहणं हे पडण्याहून जास्त नुकसान करू शकतं.

शेवटची पायरी: गोळी थांबवताना

बरं वाटायला लागलं की पेशंट स्वतःच गोळी चुकवायला लागतो, आणि मनाप्रमाणे सोडतो. एकदम सोडली तर चक्कर, मळमळ, उडालेली झोप, चिडचिड, डोक्यात विजेचा बारीकसा झटका बसल्यासारखं वाटणं, असा त्रास काही दिवसांतच सुरू होऊ शकतो. पॅरोक्सेटीन आणि व्हेन्लाफॅक्सीनच्या बाबतीत हा त्रास जास्त, फ्लुओक्सेटीन शरीरातून सावकाश जाते म्हणून तिच्या बाबतीत कमी. व्हेन्लाफॅक्सीनचे तर एक-दोन डोस चुकले तरी काहींना डोकं हलकं वाटतं. आठवड्याच्या कप्प्यांची डबी यासाठी घ्या.

कमी करायचं ते डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे, टप्प्याटप्प्यानं, कित्येक आठवडे किंवा महिने घेऊन. प्रत्येक टप्प्यावर उभं राहून बीपी, प्रत्येक टप्प्यावर तेच प्रश्न. आणि शेवटची गोळी संपली त्या दिवशी पुन्हा कॅलेंडर.

आईची शेवटची अर्धी गोळी संपली तेव्हा भावानंच लाल पेन घेऊन अठ्ठावीस चौकोन आखले. आता वही आईकडे आहे. सहाव्या दिवसाच्या चौकोनापुढे तिच्या थरथरत्या अक्षरात लिहिलंय: "सकाळी सात. अंधारी आली. बसले. वीस मोजले. परत उठले."